नानाच्या भिंतीवरची रेंज

आमच्या गावात मोबाईल मीच आणला. म्हणजे टॉवर कंपनीनं उभारला, तोही टेकडीपलीकडे. रेंज मात्र फक्त माझ्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर यायची, आणि ते घर उंचावर बांधलं माझ्या बापानं. माझी मेहनत एवढीच, की मी शिडी लावली. शिडी लावली की किस्से आपोआप वर चढतात.

*

नियम एकच. फोन करायचा तर आधी माझ्या टोपलीतल्या मूठभर शेंगा फोडायच्या. मी बाजेवर पडून दाणे खायचो आणि ऐकायचो. कोणाची सोयरीक फिसकटली, कोणाच्या जावयानं काय सुनावलं, सगळा बठ्ठा हिशेब माझ्याकडे.

सरपंचानं एकदा फोनवर बायकोची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी चावडीवर मी त्याच सुरात म्हटलं, "चुकलं माझं, परत नाही करणार." सरपंच महिनाभर वर चढला नाही.

*

मग शिरपूरहून एक इंजिनिअर मॅडम आल्या. त्यांनी दाराएवढा, छोट्या छोट्या चौकटींचा बोर्ड बसवला, तो खालच्या आळीतल्या भिका नानाच्या भिंतीवर. नाना शाळेपासूनचा माझा सोबती, आणि माझ्या थट्टेचं कायमचं गिऱ्हाईक.

"आबा, हा सिग्नल तयार करत नाही," मॅडम म्हणाल्या. "टॉवरचा सिग्नल खिंडीतून याच्यावर पडतो, हा तो वळवून नानांच्या ओट्याकडे सोडतो. कुठं सोडायचा ते आम्ही कॉम्प्युटरवरून ठरवतो."

"मग माझ्याकडे वळवा."

"तुमच्याकडे आहेच की."

आहेच. दुसऱ्याकडे का, हा माझा मुद्दा होता. पण तो मॅडमना कसा सांगणार?

*

आठ दिवसांत माझी टोपली भरलेलीच राहायला लागली. नानाच्या ओट्यावर बघावं तर जत्रा. त्या माणसाला धड 'हॅलो' म्हणता येत नाही, आणि लोक त्याच्याच घरी त्याला चहाचा आग्रह करतात. मला भाकरी गोड लागेना.

एका दुपारी नाना शेतात गेलेला बघून मी त्या बोर्डावर ओली गोधडी वाळत घातली. रेंज गेली. संध्याकाळपर्यंत माझ्या धाब्यावर पाय ठेवायला जागा नाही, शेंगांचा फडशा.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. त्यांनी गोधडी काढली मात्र, सगळी आळी हसायला लागली. आमच्याकडे ठिगळांवरून गोधडी कोणत्या घरची ते कळतं, आणि हिच्या मधोमध माझ्या बायकोच्या लग्नातल्या शालूचा तुकडा. सातवी नापास असलो तरी एवढं सुचायला हवं होतं.

संध्याकाळी नानानं वाळलेली गोधडी घडी करून घरी आणून दिली. "आबा, वली व्हती. वाळाडी आनी."

दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

*

काल बायको सुरतेच्या लेकीला फोन लावायला निघाली. शिडीकडे नाही, नानाच्या ओट्याकडे. मी म्हटलं, "घरनी रेंज सोडीसन दुसराना दारमा? तठे असं काय शे?"

ती वळून म्हणाली, "तठे फोन लागताच नाना उठीसन गोठामा चालना जातस."