डाव्या हाताचा खवा

माझं माहेर लोहाऱ्याचं, सासर भूमकडचं. सासरी खव्याची भट्टी आहे. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तेवढीच वर्षं मी लोखंडी उलथन्यानं कढईतलं दूध हलवते आहे. हात थांबला की दूध खाली लागतं. पातळ असतं तोवर ठीक. आटून गोळा व्हायला लागलं की मनगट पिळवटून निघतं.

दोन वर्षांपूर्वी उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. पाण्याचा तांब्या हातातून निसटायचा. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मनगटातली शीर दबलीय, असंच चालू ठेवलं तर हात कायमचा जाईल. विश्रांती घ्या म्हणाले. भट्टीवरच्या बाईला विश्रांती घ्या म्हणणं आणि म्हशीला एकादशी धर म्हणणं सारखंच.

त्याच सुमारास इंजिनिअरिंग कॉलेजातली एक मुलगी आमच्याकडे आली. रोजच्या कामानं बायकांच्या मनगटाचं काय होतं, यावर तिचं संशोधन चाललं होतं. घड्याळासारखा एक पट्टा ती मनगटाला बांधायची आणि हात किती, कसा वळतो ते लॅपटॉपवर उमटायचं.

सासूबाईंनी मला आधीच बाजूला घेतलं. "पाव्हणी आलीया. दूध निम्मंच घाल. अन् दुखतंय म्हणून रडगाणं गाऊ नगंस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

पाहुण्यांपुढे भट्टीचे कष्ट दाखवायचे नाहीत, ही आमच्या घरची रीत. मीही मूर्ख, ऐकलं. निम्म्या दुधात हळदी-कुंकवाला आल्यासारखी उलथनं फिरवत बसले. दूध घट्ट व्हायला लागलं तसं सासूबाईंनी मुलीला चहाला बोलावलं आणि पट्टा सुटला.

चहा पिता पिता मुलगी म्हणाली, "ताई, फारसा ताण दिसत नाही हो."

माझं डोकंच फिरलं. माझा हात निकामी होत चालला होता आणि कागदावर तो ठणठणीत ठरणार होता, तेही माझ्याच शहाणपणानं.

"ते खोटं हाय," मी म्हणाले. "बांधा पुन्हा. आता भरल्या कढईवर बघा."

शेवटचा गोळा होईपर्यंत पट्टा सोडू दिला नाही. पडद्यावरच्या रेघा वेड्यावाकड्या उसळल्या. मुलीनं ते सगळं टिपून घेतलं. मग म्हणाली, दांडा जाड करून घ्या, आणि एक कढई उजव्यानं, एक डाव्यानं करा.

"डाव्यानं?" सासूबाई ओरडल्या. "ह्या खव्याचं पेढं देवाला जात्यात. डावा हात लागायचा न्हाय."

सासूबाईंना मी आत्या म्हणते. एकोणीस वर्षांत कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी उलथनं त्यांच्यापुढे केलं. "मग आत्या, तुमच्या उजव्या हातानं धरून दावा."

त्यांनी हात पुढे केला. बोटं दांड्याभोवती मिटलीच नाहीत. उलथनं खाली पडलं.

घरात सगळे म्हणायचे, वय झालं. कसलं वय? मी लग्न होऊन आले तेव्हा त्या चाळिशीच्या होत्या, अन् तेव्हाच त्यांनी उलथनं सोडलं होतं. मला बघून गेले आणि पंधरा दिवसांत लग्न उरकलं, त्या घाईचं कारण मला तिथं कढईसमोर कळलं. या घरातला एक हात गेला होता, म्हणून दुसरा आणला होता. मला भयंकर राग आला. त्यांच्यावर, आणि त्यांच्यासाठीही.

"माझा हात गेल्यावर माझ्या पोराच्या लग्नाची घाई करायची न्हाय," मी म्हणाले, पुढची कढई चढवली आणि उलथनं डाव्या हातात घेतलं.

दूध उडालं, कोपराजवळ भाजलं. सासूबाई कढईजवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "दांडा वरून धर. खालून धरलास तर पोळशील."

गावात अजून कुजबुज होते. होऊ दे. ज्याला डाव्या हाताचा पेढा चालत नाही, त्यानं भट्टीवर यावं आणि उजव्यानं एक कढई काढून दाखवावी.