चौथा हिस्सा मोठा

पाचवीला गणित शिकवणाऱ्या बाईंना पोरं 'पुन्हाबाई' म्हणत. उदाहरण संपलं की बाई वर्गाकडे बघून विचारायच्या, "पुन्हा सांगू?" आणि कुणी काही बोललं नाही तरी सांगायच्या. माझा वर्ग शेजारचाच, मध्ये लाकडी फळ्यांची भिंत. मी शिकवते भाषा, पण बाईंचे अपूर्णांक इतकी वर्षं फुकटात ऐकून मलाही पाठ झालेत.

पाठाचं टाचण आम्हा सगळ्यांनाच काढावं लागतं. उद्दिष्टं, साहित्य, मूल्यमापन असे रकाने भरायचे आणि सहीला ठेवायचे. मी तर गेल्या वर्षीचंच उतरवते, खोटं कशाला बोला. बाईंच्या टाचणात मात्र जागोजागी लिहिलेलं असे, 'इथे अडेल'. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, "हे कुठल्या रकान्यातलं?"

"धडा कुठे अडणार तेच माहीत नसेल सर, तर तयारी कसली?" बाई म्हणाल्या.

बाईंना ते माहीत असे, कारण उद्याचा धडा त्या आदल्या संध्याकाळी घरी शिकवून बघत. धाकट्या भावाला. भाऊ चाळिशी ओलांडलेला. लहानपणी ताप डोक्यात गेला आणि शाळा सुटली ती सुटलीच. आईवडील गेल्यावर घरात दोघंच. दिवसभर तो इमारतीखालच्या शिंप्याकडे काजं-बटणं करत बसे. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी स्टूल ओढून बाईंचा विद्यार्थी होई. मी तिथे चहाला गेले की हा तमाशा पाहायची.

"या पावाचे सारखे तीन तुकडे केले. त्या पावाचे चार. आता तिसरा हिस्सा मोठा की चौथा?"

"चौथा."

"का रे?"

"तिनापेक्षा चार मोठे ना, ताई. पुन्हा सांग."

बाई पुन्हा सांगत. पाव झाला, कागदाच्या पट्ट्या झाल्या, दोरी झाली, पेल्यातलं पाणी झालं. भावाचं आपलं एकच, चौथा हिस्सा मोठा. पालथ्या घड्यावर पाणी! मी असते तर पाव खाऊन मोकळी झाले असते. बाई मात्र दर वर्षी नवी युक्ती काढायच्या आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तीच वापरायच्या. आधी वस्तू हातात, मग चित्र, आकडे सगळ्यांत शेवटी. प्रश्न विचारला की गप्प उभ्या राहायच्या. आम्हा बाकीच्यांना ती शांतता सोसत नाही, आम्हीच उत्तर सांगून टाकतो. त्यांच्या वर्गात ढ म्हणून हिणवलेलं पोरगंसुद्धा फळ्याशी जाऊन वर्गाला समजावून सांगायचं. कारण त्याचा घोटाळा कुठे होणार, ते भावाने आदल्या दिवशीच दाखवलेलं असे.

"वर्गातल्या सगळ्यांना येतं," बाई एकदा मला म्हणाल्या, "पण माझ्या घरचा एक राहिलाय गं. एकदा त्याच्या तोंडून 'कळलं, ताई' ऐकलं की मी सुटले." त्यांचे डोळे भरून आले होते. शिक्षक-खोलीत कुणीतरी म्हणालंच होतं, "दिव्याखाली अंधार." मला राग आवरला नाही. म्हटलं, "त्यासाठी आधी दिवा तरी असावा लागतो, गुरुजी."

गेल्या हिवाळ्यात भावाच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात मी बाईंसोबत होते. खाल्लं काहीच जात नव्हतं, तरी बाईंनी सफरचंद कापलं आणि सवयीने विचारलं, "कुठला हिस्सा देऊ? मोठा कुठला?"

"चौथा," तो म्हणाला. धाप लागली होती. "पुन्हा सांग ना, ताई."

बाई खुर्ची पुढे ओढून सांगू लागल्या. अर्ध्यावरच त्याला झोप लागली. त्या झोपेतून तो उठला नाही.

काही दिवसांनी आम्ही दोघी शिंप्याकडे त्याच्या वस्तू आणायला गेलो. बोटात घालायचं अंगुस्तान, छोटी कात्री, खडू. शिंपीकाकांनी त्या कागदात बांधल्या आणि म्हणाले, "माझा उजवा हात गेला हो, ताई. शर्टाच्या पट्टीवर बटणांच्या खुणा तोच करायचा. तीन भाग केले की अंतर जास्त, चार केले की कमी. मी कधी चुकलो तर मलाच रागावायचा. चौथा हिस्सा बारीक असतो काका, म्हणायचा."

बाईंच्या हातातली पुडी तशीच राहिली. "चौथा मोठा, असं म्हणायचा तो," त्या म्हणाल्या.

"ते घरी." काका ओशाळले. "एवढं येतं तर ताईला सांगत का नाहीस, असं मी विचारलं होतं. तर म्हणाला, कळलं म्हटलं की ताई उठून जाते."

इतकी वर्षं पठ्ठ्याने ताकास तूर लागू दिली नव्हती. बाई जिना चढून वर आल्या, टेबलाजवळचं स्टूल पाहिलं आणि लहान मुलीसारख्या हुंदके देऊन रडल्या. "मी खरंच उठून जायचे गं," त्या म्हणाल्या. "लहानपणी एखादं गणित त्याला आलं की मी पुस्तक मिटून माझ्या अभ्यासाला जायचे."

सोमवारी बाई शाळेत आल्या. अपूर्णांकांचाच पाठ होता. मी माझ्या वर्गाला निबंध लिहायला बसवलं आणि भिंतीजवळ जाऊन उभी राहिले. कागदाच्या पट्ट्यांच्या घड्या घातल्याचा आवाज आला. मग प्रश्न, मग ती नेहमीची शांतता. "तिसरा मोठा!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

"पुन्हा सांगू?"

"नको बाई, कळलं!"

पुस्तक मिटल्याचा आवाज मला आला नाही. मग बाईंचा आवाज आला, अगदी हळू.

"एकालाही नको?"