डाव्या हातातली थरथर

माझ्या आईच्या डाव्या हातात मोटर बसवली आहे, असं आमच्या गावातल्या बायका अजूनही सांगतात. मी सांगून सांगून थकले की बाई, मोटर नाही, शिरा जोडल्या आहेत. त्या ऐकून घेतात, आईच्या मनगटावर हात ठेवतात, दचकून मागे घेतात आणि मलाच विचारतात, "मंग हे वाजून कायले राहिलं?" पहिल्यांदा हात लावला तेव्हा माझीही बोबडी वळली होती.

आईच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्याचं कळलं, तेव्हा वाटलं होतं की याहून मोठा धक्का आता बसायचा नाही. किती भोळे होतो आम्ही! डायलिसिस सुरू झालं. मी गोंदियात राहते, ब्लाउज शिवायचं माझं छोटंसं दुकान आहे. त्यामुळे बिरसीकडच्या आमच्या गावातून आईला आणायचं, मशीनवर झोपवायचं आणि संध्याकाळी परत पाठवायचं हे काम माझ्या अंगावर आलं. मशीनमध्ये रक्त जायला एक आणि परत यायला एक अशा दोन सुया लागतात. साध्या इंजेक्शनच्या नाहीत, चांगल्या जाड. गोधडीला दाभण घालतात तसली सुई माणसाच्या अंगात जाताना मी पहिल्यांदा पाहिली आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकले. आईच्या शिराही अशा की एक दिसेल तर शपथ. दिसलीच, तर सुई लागताच सरकायची नाहीतर फुटायची. दोन्ही हात काळेनिळे होऊन गेले.

मग मानेत नळी घातली. त्या नळीनं काही दिवस भागवलं, पण एकदा तिच्यातूनच जंतू शिरले. आईला अशी थंडी भरली की अंगावर चार पांघरुणं टाकून बाबा आणि मी वर दाबून बसलो, तरी खाट हलत होती. ती त्यातून वाचली. डॉक्टर म्हणाले, "ही नळी फार दिवस ठेवून चालणार नाही. हातात कायमची सोय करू."

सोय म्हणजे काय, तर मनगटाजवळ धमनी शिरेला जोडायची. धमनीतलं रक्त जोरात धावतं. तो जोर शिरेत आला की नाजूक शीर हळूहळू फुगते, जाड होते, कातडीखाली वर येते. मग सुई घालायला शोधाशोध नको.

बाबा तोवर ऐकत होते. आमचं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. गावाचा तलाव पूर्वजांनी बांधला, आणि आजही त्याच्या पाण्याबद्दल कुणाला काही विचारायचं असलं की माणसं बाबांकडेच येतात. डॉक्टरांचं बोलणं संपल्यावर ते म्हणाले, "म्हंजे साहेब, तलावाचं पानी दारच न ठेवता सरळ पाटात सोडाचं? पाट फुटन ना!"

डॉक्टर हसले. "नाही फुटत, काका. पाट रुंद होतो."

बाबांना ते पटलं नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण दुसरा इलाज नव्हता. नागपूरला जाऊन आई टाके घालून आली.

टाके सुकल्यावर मी तिच्या मनगटावर तळहात ठेवला. कातडीखाली काहीतरी घरघरत होतं. नाडीसारखे ठोके नव्हेत, एकसारखी थरथर. आमच्या गावावरून बिरसीच्या विमानतळावरच्या शिकाऊ पोरांची छोटी विमानं दिवसभर घिरट्या घालतात. त्यांचा आवाज लांबून येतो ना, तसं काहीतरी हाताला लागत होतं. मी किंचाळलेच. आई मात्र मजेत. "आयकलं? माहं विमान," म्हणाली.

तिनं बाबांनाही हात लावायला लावला. बाबांनी बोटं टेकवली आणि विंचू चावावा तसा हात ओढून घेतला. चेहरा पांढराफटक पडला. ते अंगणात निघून गेले. मला रागच आला. बायको एवढं सोसून आली आणि या माणसाला तिच्या हाताची किळस येते? मी तरातरा मागे गेले आणि तसं तोंडावर विचारलंही.

"किळस नाही वं, पोरी," बाबा म्हणाले. "भेव लागते."

मग त्यांनी सांगितलं. पावसाळ्यात तलाव भरला की रात्र रात्र ते मातीच्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, राखण करत. कंदील विझला तरी चालायचं, कारण पाहणी डोळ्यांची नव्हतीच. अनवाणी पायानं पाळीवरून चालायचं, शंका आली तिथं तळहात टेकायचा. पाळ मुकी असली तर खुशाल पुढे जायचं. पण मातीतून थरथर लागली, तर आतून पाणी वाट काढतंय. आरोळी ठोकायची आणि गाव उठवायचं. "थरथरली का पाळ जाते," बाबा म्हणाले. "आन् तुह्या मायचा हात तं थांबूनच नाही राहिला."

त्यानंतर त्यांनी त्या हाताला बोट लावलं नाही. आईला गाडीत चढवायची तर उजव्या बाजूनं येत. जेवायला बसले तरी तिच्या उजवीकडे.

हात लौकर तयार व्हावा म्हणून आईला रबरी चेंडू दिला होता, दिवसातून कितीतरी वेळा दाबायला. "चेंडू दाबाले मी का लेकरू आहो?" म्हणून तिनं तो शेजारच्या पोराला देऊन टाकला आणि त्याच हातानं गाय दोहायला लागली. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, जखम भरली आहे, चालेल. शीर अशी वर आली की मशीनवरचा पोरगा पाहतच राहिला. तो गोंदियाचा, हिंदीच बोलणारा. "माँजी, ये नस है कि रस्सी?" म्हणाला. त्या दिवशी दोन्ही सुया पहिल्याच टोचण्यात गेल्या. आईनं डोळे घट्ट मिटले होते. एक डोळा किलकिला करून तिनं विचारलं, "झालं?" मला तिथंच रडू फुटलं.

त्याच पोरानं आम्हाला नियम घोकून दिले. या हाताला बीपीचा पट्टा नाही, इंजेक्शन नाही. ओझं नाही, उशाला घेऊन झोपणं नाही. घड्याळ नाही, बांगडी नाही, घट्ट काहीच नाही. "माँजी, ये हाथ अब आपका नहीं, मशीन का है." आणि रोज उठल्यावर तळहात ठेवून पाहायचं. थरथर बंद झाली, म्हणजे आत रक्त गोठायला लागलं. मग तो हात गेला. पुन्हा मानेत नळी, पुन्हा तो ताप, आणि दुसरी चांगली शीर सापडेलच याचा भरवसा कुणी द्यायला तयार नव्हतं. तेव्हापासून रोज सकाळी आईचा मला फोन येतो. "वाजून राहिलं," एवढंच म्हणते आणि ठेवून देते. तो फोन आल्याशिवाय मला चहा जात नाही.

मी तिच्या ब्लाउजांची डावी बाही सैल शिवायला लागले. बांगड्या मात्र तिला जड गेल्या. डाव्या हातातल्या तिनं उतरवून उजव्या हातात चढवल्या. हातभर बांगड्या एकीकडे आणि रिकामं मनगट दुसरीकडे. बायका बघत. माझी मोठी आत्या तर दर भेटीला म्हणायची, "वयनी, माहा भाऊ जित्ता हाये ना अजून?" आई हसून टाळायची. मी असले की मीच तोंड उघडायची, म्हणून आत्या मी नसतानाच बोलायला शिकली.

माझ्या धाकट्या भावाचं लग्न निघालं, ते ऐन उन्हाळ्यात. हळदीच्या दिवशी मी दुपारी पोचले. गोंदियातून निघायला उशीर झाला, कारण वऱ्हाडातल्याच बायकांचे ब्लाउज माझ्या मशीनवर अडकले होते. मांडवात गर्दी होती. आई पाहुण्यांमध्ये बसलेली, चेहरा घामानं डबडबलेला, पण इतकी खुशीत की मी तिला कितीतरी दिवसांत तशी पाहिली नव्हती. डायलिसिस दुसऱ्या दिवशी सकाळी होतं, लग्न संध्याकाळी. गोळी द्यायची म्हणून मी तिला आतल्या खोलीत नेलं आणि सवयीनं डावा हात हातात घेतला.

हिरव्यागार काचेच्या बांगड्या. मनगटापासून वर, एकीला एक चिकटून. सकाळी बांगडीवाली घरी आली होती. नवरदेवाची माय, तिचा एक हात रिकामा? आत्यानं तो हात स्वतः पुढे केला होता. आणि बांगडीवालीला आपल्या हातोटीचा भलता अभिमान. सैल बांगडी भरली तर तिची लाज जाते. तिनं हात दाबून दाबून मापाला बसत्या भरल्या. आईच्या अंगात आधीच पाणी साचलेलं, त्यात उन्हापायी मठ्ठा प्यायलेली. दुपारपर्यंत हात सुजला आणि बांगड्या मांसात रुतल्या.

मी बांगड्यांच्या वर तळहात ठेवला. काही नाही. खाली ठेवला. काही नाही. माझाच हात बधिर झालाय असं वाटून कान लावला.

काहीच नाही.

"आई, कधीपासून?"

तिनं सकाळनंतर पाहिलंच नव्हतं. "एका दिवसाचा तं सवाल होता," ती पुटपुटली.

मशीनवरच्या पोराला फोन लावला. तो एका श्वासात म्हणाला, "दीदी, खींचना मत, मलना मत. चूडी काटो, अभी, और लेके आओ."

मी बाबांची पक्कड शोधून आणली. तोवर बातमी फुटली होती. आत्या दारात आडवी उभी राहिली. "हळदीच्या दिवशी? नवरा जित्ता असताना सवाष्णीच्या बांगड्या फोडतेस? आन् तेही पोटच्या पोरीनं?" मागून चार बायकांनी "अगा बापा" केलं. "साबन लाव, तेल लाव, पन फोडू नोको." मी आत्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण तिनं माझं मनगट धरलं होतं, त्या ओढाताणीत पक्कड कुठं लागली असती कोण जाणे.

तेवढ्यात बाबा आले. कपाळाला, हातांना हळद लागलेली. कुणी काय सांगितलं होतं माहीत नाही. त्यांनी आईचा हात पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"बंद हाये?"

मी मानेनंच हो म्हटलं.

त्यांनी माझ्या हातातून पक्कड घेतली. आत्या म्हणाली, "दादा, अपशकून होते रे."

"मी जित्ता आहो, बाई," बाबा म्हणाले. "मी मेल्यावर कोनी तरी फोडनच. आज मीच फोडतो."

माझ्या बापाला आईचा हात धरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि आता तो तिच्या पुढ्यात मांडी घालून बसला होता, तिच्या बांगड्या फोडायला. त्यांनी धोतराचा सोगा तिच्या हाताखाली पसरला आणि पक्कड दाबली. कट्. हिरवे तुकडे सोग्यात पडले. पुन्हा कट्. आत्या भिंतीकडे तोंड करून रडत होती. आई रडत नव्हती. ती बाबांच्या कपाळावरच्या हळदीकडे एकटक बघत होती.

शेवटची बांगडी तुटली. मनगटावर लाल वळ उठले होते. मी हात ठेवला. काही नाही.

"वाजते?" बाबांनी विचारलं.

"नाही."

मग बाबांनी पक्कड खाली ठेवली, हळदीचा तळहात सदऱ्याला पुसला आणि आईच्या मनगटावर ठेवला. दाबला नाही, नुसता टेकवला. डोळे मिटून घेतले. बाहेर बँडवाले काहीतरी वाजवत होते. कुणीतरी धावत जाऊन त्यांना गप्प केलं. आम्ही बाबांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. पहिल्यांदा हात लावला तेव्हा पडला होता, तसाच तो पांढरा होता.

"हाये," ते म्हणाले. "बारीक हाये. पन थरथरून राहिली."

मला खरं वाटलं नाही. मी हात घालायला गेले तर ते सरकेनात. गाडीत बसताना सरकले नाहीत, गोंदियापर्यंत सरकले नाहीत. तिथं त्या पोरानं स्टेथोस्कोप कानाला लावला, बराच वेळ ऐकलं आणि मोठा श्वास सोडला. "चल रहा है. और थोडी देर होती तो..." डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तपासलं, मशीन त्याच संध्याकाळी लावलं, आणि सुई गेली. बाबा तिथंच उभे. शेवटी पोरगा म्हणाला, "काका, अब तो हाथ छोडो."

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. नवरदेवाची माय रिकाम्या डाव्या हातानं मांडवात बसली होती आणि मुलीकडच्या साऱ्या बायकांच्या नजरा तिथंच होत्या. बाबा तिच्या शेजारी बसले होते, पहिल्यांदाच डाव्या बाजूला. सगळ्यांच्या देखत त्यांचा तळहात तिच्या मनगटावर होता. आमच्याकडे म्हातारी माणसं असं करत नाहीत. मंगलाष्टकं सुरू असताना व्याह्यांनी वाकून, हसून विचारलंच, "काऊन व्याही, हात धरून बसले?"

बाबांनी हात काढला नाही.

"पाळ राखून राहिलो," ते म्हणाले.