मार की भार

अंधांसाठीच्या ग्रंथालयात तिला सगळे वाचनबाई म्हणत. काचेच्या लहानशा खोलीत बसून तिने पुस्तकं मोठ्याने वाचायची आणि मशीनवाल्याने ती रेकॉर्ड करायची, असं सत्तावीस वर्षं चाललं होतं. एके दिवशी मशीनवाल्याने तिच्यासमोर स्क्रीन आणून ठेवला, तेव्हा तिने नाक मुरडलं.

"मावशी, अक्षर हवं तेवढं मोठं होतं. शिवाय माइकमध्ये पानांची खसखस येत नाही."

"माझी पानं आवाज करत नाहीत."

खरंच करत नसत. कागदावर तिचा जीव रमायचा. डाव्या हातात वाचलेलं, उजव्या हातात उरलेलं. त्या वजनावरून दम कुठे राखायचा ते तिला कळे. पाणी प्यायला मान वळवली तरी नजर परत नेमक्या ओळीवर येई. स्क्रीनवर सगळंच सरकायचं. अर्ध्या तासात डोळे चुरचुरायचे आणि पुस्तक किती उरलंय याचा पत्ताच लागायचा नाही.

हे सगळं खरं होतं. तिने लपवलं होतं ते एवढंच, की गेली दोन वर्षं तिला छापील अक्षर नीट दिसत नव्हतं. कुणाला तिने ताकास तूर लागू दिली नव्हती. लेक तेवढी चिडवायची, "आई, पुस्तक वाचतेस की हुंगतेस?" शब्दाचं डोकं-शेपूट दिसलं की मधलं ती सवयीने भरून काढी. अनुभव दांडगा, म्हणून निभावून जाई.

मग एका श्रोत्याचा फोन आला. गृहस्थ जन्मांध, शाळेत गाणं शिकवणारे.

"ताई, दुसऱ्या प्रकरणात तुम्ही वाचलंत, 'त्या घरात आईने आयुष्यभर मार सोसला.' आणि सातव्यात तोच नवरा तिच्या दुखऱ्या पायांना तेल लावतो. तीन आठवडे मी त्या माणसाचा राग राग करतोय. माझं ऐकण्यात काही चुकलं का?"

बाईने भिंग आणवलं. भिंगाखाली 'भार' होता. भ-च्या डोक्यावरची रेघ जराशी तुटते, फरक तेवढाच. ज्याला तिच्या आवाजाशिवाय दुसरं पुस्तक नव्हतं, तो माणूस स्वतःच्या कानांवर शंका घेत होता. तिला स्वतःची लाज वाटली.

"तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "तो माणूस चांगला आहे. रागवायचं तर माझ्यावर रागवा."

मशीनवाला म्हणाला, "त्यात काय मावशी, एक शब्द बदलायचा. चुटकीसरशी होईल."

"आणि बाकीचे?"

ती स्क्रीनपुढे बसली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. डोळ्यांतून पाणी गळलं, दोनदा ओळ हरवली. स्क्रीन तिला आवडला नाही तो नाहीच. पण भ-वरची फट लख्ख दिसत होती. तिसरं प्रकरण संपेतो जुन्या रेकॉर्डिंगशी ताडताना आणखी दोन शब्द निराळे निघाले.

"गेल्या दोन वर्षांत माझी पुस्तकं किती झाली रे?"

त्याने यादी पाहिली. "एकोणीस."

बाईने मांडीवरचं पुस्तक मिटलं, बाजूला ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"सगळी काढ."