घरी कशाला घालायचं?

आमच्या घरात चांगली वस्तू बाहेरच्यांसाठी असते. चांगल्या कपबशा पाहुण्यांना, इस्त्रीचा शर्ट लग्नाला, आणि सोफ्यावरचं प्लॅस्टिक कोणी मोठं माणूस आलं तरच निघणार. या नियमाने आमचं जे नुकसान केलं त्याचा मला अजून राग येतो. त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे.

वडिलांनी भोसरीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं हॅमरवर काढली. तापलेल्या लोखंडावर घण पडायचा तेव्हा शेजारचा माणूस ओरडला तरी त्याचे फक्त ओठ हललेले दिसायचे. कानांना संरक्षण म्हणून कापसाचे बोळे. मग बाजार खुला झाला, नवी यंत्रं आली आणि जुन्या माणसांना व्हीआरएस देऊन घरी पाठवलं. वडील घरी आले ते कानात शिट्टी घेऊन. जेवताना मध्येच म्हणायचे, "कुकर बंद कर गं." शेगडीवर कुकर नसायचाच.

तोवर मी हिंजवडीत नोकरीला लागले होते आणि आम्ही वारज्याला फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. घरात बोलणं म्हणजे ओरडणं झालं होतं. मला ओरडता यायचं. आईचा आवाज मुळातच बारीक. ती एक गोष्ट दोनदा सांगायची आणि तिसऱ्यांदा गप्प बसायची. पुढे पुढे तिने खुणाच धरल्या. जेवायला चला म्हणजे खांद्याला हात लावून ताट वर करायचं, बाहेर जाते म्हणजे पिशवी दाखवायची. वडिलांचं म्हणणं, "तुम्ही सगळे पुटपुटता." नातेवाइकांनी लसणाचं तेल सुचवलं, एका डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. शिट्टी जागची हलली नाही.

शेवटी मी त्यांना कान तपासायला नेलं. बंद खोलीत बसायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं. वडील सारखे दाबत सुटले.

"काका, आवाज नसताना का दाबताय?" तपासणाऱ्या बाईंनी मोठ्याने विचारलं.

"मला येतोय ना आवाज," वडील म्हणाले. ते प्रामाणिकपणे शिट्टीसाठी बटण दाबत होते. बाईंनी मग तुटक तुटक आवाज लावून पुन्हा तपासणी केली.

त्यांनी समजावून सांगितलं की कानाच्या आतल्या पेशी मेल्या आहेत, त्या परत येत नाहीत. शिट्टी हमखास घालवणारं औषध नाही. कानाला ऐकायचं मशीन लावलं तर बाहेरचे आवाज आत जातील आणि शिट्टीकडे लक्ष कमी जाईल. मशीन कसं आणि कधी वापरायचं हे त्या सांगायला लागल्या तेवढ्यात माझ्या ऑफिसचा फोन आला आणि मी बाहेर गेले. पुढचं सगळं त्यांनी वडिलांना सांगितलं, म्हणजे कोणालाच नाही.

मशीन घरी आलं आणि आईने ते डबीसकट कपाटात, रेशमी साडीशेजारी ठेवलं. लग्न असलं की निघायचं, रविवारी विहारात जाताना निघायचं. मंगल कार्यालयात बँड, ताटं, माईक, सगळं एकदम वडिलांच्या कानात शिरायचं. घरी येऊन ते डोकं धरून बसायचे. "काही उपयोग नाही," म्हणायचे आणि डबी कपाटात जायची. मी त्यांच्यावर चिडायचे. तुम्हाला प्रयत्नच करायचा नाही, असं त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायचे.

जवळजवळ दोन वर्षांनी मशीन साफ करायला नेलं. बाईंनी ते कॉम्प्युटरला जोडलं. किती वेळ वापरलं, याची नोंद मशीनमध्येच होत होती. दिवसाला सरासरी दहा मिनिटंसुद्धा भरत नव्हती.

"घरी घालत नाहीत का?" त्यांनी विचारलं.

"घरी कशाला? घरी आम्हीच तर असतो," मी म्हणाले.

हे मी म्हणाले. परदेशातल्या लोकांच्या कॉम्प्युटरच्या नोंदी वाचून त्यांचं काय चुकतंय ते सांगण्याचा पगार घेणारी मी. बाई पुण्यातल्या असूनही त्यांनी टोमणा मारला नाही, ते जास्त लागलं. त्यांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, की रोज घालायचं, आधी शांत घरात, आणि गर्दीत सगळ्यात शेवटी.

दुसऱ्या दिवसापासून वडील चहाबरोबर मशीन घालायला लागले. पहिले काही दिवस त्यांना पेपरची घडी आणि आईच्या बांगड्यासुद्धा सहन होत नव्हत्या. अर्ध्या तासाचा तास झाला, तासाची दुपार झाली. दोन-तीन महिन्यांनी कुकर बंद करायला सांगणं थांबलं. "शिट्टी आहे," ते म्हणाले, "पण मागच्या खोलीत गेलीय."

मला वाटलं, जिंकलो.

एका रविवारी वडील स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. आईने त्यांच्या खांद्याला हात लावला आणि ताट वर केलं.

"अगं, ऐकू येतं आता मला," वडील म्हणाले. "तोंडाने सांग. काहीही बोल."

आईने हातातलं ताट पदराने पुसलं. "काय बोलायचं असतं, ते सुचत नाही हो आता," ती म्हणाली आणि वाढायला वळली.

वडिलांनी कानामागे बोट नेऊन मशीनचा आवाज थोडा वाढवला आणि वाट बघत बसले.