दीडहात्या

सांधेवाला डबे जोडायला दोन डब्यांच्या मध्ये उतरला होता. त्याने बावटा दाखवण्याआधीच ड्रायव्हरने इंजिन मागे घेतलं, आणि ऐन तिशीत त्याचा उजवा हात कोपरापासून गेला. गावाने चार दिवस हळहळ केली. पाचव्या दिवशी त्याचं नाव पडलं, दीडहात्या. बायको माहेरी गेली ती गेलीच. धाकट्या भावाने त्याला जिन्याखालची खोली दिली.

पुढे लाइनच बंद पडली. रुळांत गवत माजलं. बऱ्याच वर्षांनी गावाला अचानक आपल्या रेल्वेचा पुळका आला, स्टेशनाचं संग्रहालय झालं आणि भाऊ त्याचा व्यवस्थापक.

"दादा, घरात भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा गणवेश चढव," भाऊ म्हणाला. "रुळांचे सांधे कसे बदलायचे ते पाहुण्यांना दाखव."

दादा हरखला. डाव्या हाताने लोखंडी दांडा ओढायचा सराव करून करून त्याचा खांदा सुजला.

उद्घाटनाला प्रमुख पाहुणा म्हणून तोच ड्रायव्हर आला. केस पिकलेले, तब्येत ठणठणीत. त्याने याला ओळखलंही नाही.

"हात कुठे ठेवून आलात?" त्याने हसत विचारलं.

"तुमच्याच इंजिनाने गेला. मी मध्ये असताना तुम्ही मागे घेतलंत."

ड्रायव्हरने डोकं खाजवलं.

"असेल बुवा. पण गाडी वेळेवर सुटली ना?"

एकच हशा पिकला. भावाने टाळीसुद्धा दिली.

दुसऱ्या दिवशी सांधेवाल्याने गणवेश घातला नाही.

"किस्सा लोकांना जाम आवडलाय," भाऊ म्हणाला. "आता रोज तूच सांगायचा. ड्रायव्हरच्या उत्तरासकट."

"मला नाही जमणार."

"मग जेवायचं कुठे, तेही बघून ठेव."

भावजय भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

तो सांगू लागला. आधी पुटपुटायचा. भावाने त्याला शिकवलं, बाही कधी वर सारायची, कुठे थांबायचं. हशा येऊ लागला.

एके दुपारी भावाने म्हाताऱ्या आईला संग्रहालय दाखवायला आणलं. तिला ऐकू येत नव्हतं. लोक थोरल्याकडे बघून खो-खो हसताहेत एवढंच तिला दिसलं, आणि तीही बोळकं पसरून पोटभर हसली.

घरी आल्यावर तिने त्याच्या गालावरून हात फिरवला.

"किती जीव लावतात रे लोक तुला!"

तिला कळावं म्हणून त्याने जोरजोरात होकारार्थी मान हलवली.