विहारातल्या फळ्यावरची पेशी

प्रल्हादमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. सकाळचे अकरा वाजले असतील. पेशी ज्या द्रवात वाढतात तो बदलण्याचं काम चाललं होतं. सुनंदामामी एवढंच म्हणाली, "पोरी, गेले गं ते... शांतपणे गेले." मी पेशींच्या बश्या झाकून जागेवर ठेवल्या, हातमोजे काढले आणि दापोडीची बस पकडली. त्याला आता पाच आठवडे झाले. आजारपणात त्याने जे केलं ते आमच्या गल्लीबाहेर कुणाला ठाऊक नाही, म्हणून लिहायला बसले.

मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. बावीस वर्षं चाकणच्या एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत तो तपासणीवर होता. तयार झालेला जॉब, म्हणजे सुटा भाग, हातात घ्यायचा, मापायचा, आणि नापास झाला तर का झाला ते कळेपर्यंत मशीनवाल्याला सोडायचा नाही. घरीही तसाच. मी बारावीत असताना जीवशास्त्राचं पुस्तक माझ्या हातून घेऊन म्हणाला होता, "पाठ म्हणून नको दाखवू. मला समजेल असं सांग." पुढे मी संशोधनाला लागले ते हर्पिस कुळातल्या विषाणूंवरच. त्यांतले काही कॅन्सरशी जोडलेले आहेत. हा विषय एक दिवस मामाच्या रिपोर्टातून समोर येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

आधी त्याचा एक कान बसला. शॉपमधल्या मशीनांच्या आवाजाने झालं असेल, म्हणाला. मग मानेला गाठ आली, पण ती दुखत नव्हती. चार महिने गेले... निदान झालं ते नाकामागच्या, घशाच्या वरच्या भागातल्या कॅन्सरचं, आणि गाठीच्या पेशींत ईबीव्ही नावाचा, त्याच हर्पिस कुळातला विषाणू सापडला. मामाने रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला. "तंबाखू नाही, दारू नाही. मग हे आलं कुठून? खरं सांग."

मी सांगितलं. हा विषाणू जवळपास सगळ्यांच्याच अंगात असतो, बहुतेकांना लहानपणीच मिळतो आणि जन्मभर गप्प पडून राहतो. फार थोड्यांच्या बाबतीत, इतरही कारणं जुळून आली तर, घात होतो. आपली पेशी आपल्या मनाने दुभंगत नाही, बाहेरून 'वाढ' असा निरोप यावा लागतो. विषाणूचं एक प्रथिन पेशीच्या आवरणात जाऊन बसतं आणि निरोप आलेला नसतानाही तो आल्याची खूण आत पाठवत राहतं. दुसरं प्रथिन विषाणूचा जनुकीय वारसा आपल्या गुणसूत्रांना बांधून ठेवतं, म्हणजे पेशीच्या दोन झाल्या की दोन्हींत तो पोचतो. याच कुळातला आणखी एक विषाणू तर पेशीला पुढे ढकलणाऱ्या आपल्याच एका प्रथिनाची नक्कल बनवतो, आणि त्या नकलेवर पेशीचे ब्रेक नीट लागत नाहीत.

मामाने रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे मी काही वाईट केलं म्हणून नाही."

"नाही मामा."

"हे तुझ्या मामीला सांग. तिला रात्रंदिवस तेच वाटतंय."

पण गल्लीला कोण सांगणार? कुणीतरी 'हर्पिस' हा शब्द मोबाइलवर शोधला आणि हा वाईट संगतीतून लागणारा रोग, असा भलताच अर्थ पसरला. एका नामकरणाच्या जेवणात मामी वाढायला उठली, तर शेजारच्या शोभावहिनींनी तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं. "तुम्ही बसा, आम्ही आहोत ना." मामी घरी आली आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. मामाचं रेडिएशन नुकतंच संपलं होतं. तोंड कोरडं पडायचं, दर वाक्याला पाण्याचा घोट लागायचा. तो म्हणाला, "रविवारी विहारात सगळ्यांना बोलावतो. तू समजावून सांगायचंस."

"मामा, एवढ्या लोकांपुढे... मराठीत..."

"मला सांगितलंस तसंच."

विहारात मुलांच्या अभ्यासवर्गाचा फळा आहे. त्यावर मी खडूने पेशी काढली, विषाणू काढला, त्याची प्रथिनं काढली. मागून एक आजोबा उठले. "समदं खरं पोरी. पन त्ये लागतंय का न्हाई, येवढं सांग."

नाही म्हणणं सोपं होतं. मी मामाकडे पाहिलं. त्याने 'खरं सांग' अशी मान हलवली.

"लागतो," मी म्हणाले. "थुंकीतून. पण तुमच्यापैकी बहुतेकांना तो कधीच लागून गेलाय. मलाही. कॅन्सर मात्र असा लागत नाही. मामाच्या ताटात जेवलात तरी नाही."

मग मामा पाण्याची बाटली घेऊन उभा राहिला. "दुखत नाही म्हणून मी चार महिने गाठ अंगावर काढली. तुम्ही काढू नका. मान चाचपा, डॉक्टरला दाखवा. आणि आता चहा आहे. माझी बायको देणार आहे. ज्याला नको त्याला दार उघडं आहे."

एक-दोघं गेले. शोभावहिनी उठल्या, तेव्हा त्याही निघाल्या असं वाटलं. त्या मामीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि कप पुढे केला. मामीने काठोकाठ ओतला, चहा बशीत सांडला. वहिनींनी बशीतलाही प्यायला.

त्यानंतर मामाने दोन वर्षं नोकरी केली. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये नव्या पोरांच्या माना चाचपायचा. पोरं हसायची, पण मान पुढे करायची. मग आजार उलटला, यकृतात पसरला. शेवटच्या भेटीत त्याने विचारलं, "त्या खोटा निरोप देणाऱ्या प्रथिनाला अडवणारं औषध?"

"काम चालू आहे."

"चालू आहे नको. कुठवर आलंय?"

"बशीतल्या पेशींत थोडं जमतं. माणसापर्यंत यायला खूप अवकाश आहे."

"बरं." त्याने पाण्याचा घोट घेतला. "फसलेला प्रयोगही वहीत लिहीत जा. नापास जॉबवरूनच मशीनचं दुखणं कळतं."

मी लिहिते आहे, मामा. गेल्या महिन्यात तीन फसले.

परवा दापोडीला गेले तर मामीजवळ रहाटणीची एक बाई बसली होती. नवऱ्याचा तसाच रिपोर्ट आलेला. मामी तिला सांगत होती, "अहो, हा विषाणू तुमच्यातही आहे, माझ्यातही आहे. तुमच्या मालकांच्यात त्याने पेशीला खोटा निरोप दिला, एवढंच." बाईने हळूच विचारलं, "सासूबाई त्यांचं ताट वेगळं ठेवा म्हणतात... ठेवू का?"

मामीने साडी सारखी केली, चपला घातल्या आणि मला म्हणाली, "दाराला कडी घाल गं. आज आपण यांच्याकडे जेवू. मी त्यांच्या ताटात जेवणार आहे."